डावी बाजू श्रावणातली

होळीची राख थंड होण्याआधी
पहिला कूलर दारात येतो.
मग ज्येष्ठापर्यंत माझे हात माझे नसतात.
पंपात अडकलेलं शेवाळ, गंजलेले तळ,
मागच्या वर्षीच्या वाळ्यात उंदराची पिल्लं,
आणि उंबऱ्यात गिऱ्हाईक, मानेवर ओला पंचा:
"आज रात्री झोप लागली पाहिजे, भिरूडभाऊ."
भुसावळात उन्हाळा म्हणजे एवढंच,
अर्ध्या गावाची झोप माझ्या पान्यावर.

वर माळ्यावर, जुन्या धोतरात गुंडाळलेलं
गलबत पडून असतं. दीड हात लांब.
चौथं वर्ष.
पत्र्याखाली तिथे काय तापतं ते विचारू नका,
सरसाची वाटी चुलीवाचून पातळ होते,
दोर सैल पडतात, डोलकाठी
जेवून बसलेल्या माणसासारखी कलते.

समुद्र मी एकदाच पाहिलाय,
अलिबागला, मेव्हण्याच्या लग्नात, तोही ओहोटीचा.
चिखलात गलबतं कुशीवर पडलेली.
म्हणून त्यांची पोटं मला ठाऊक आहेत,
चाल नाही.

कणा अंजनाचा. पालकडच्या वखारवाल्यानं दिला,
"पाण्यात टाकू नका, दगडासारखं जाईल," म्हणाला.
मला तळाला तेच हवं होतं.
बाकी सगळा साग, मोडक्या खिडक्यांचा.

आषाढ लागला की कूलर कुणाला आठवत नाही.
पैसा नसतो, वेळ ढिगानं.
तेव्हाच फळ्या ठोकायला बसलो, चुकलं ते.
डावी बाजू सगळी श्रावणात झाली.
लाकूड फुगलंय हे बोटांना कळत होतं,
सरस दोन दोन दिवस ओला,
सुतळीनं आवळायचं आणि पोळ्याची वाट बघायची.
मंदा म्हणायची, "अठी जहाज बांधून राह्यले,
पानी कोठी हाये?"
मी छपराकडे बोट दाखवायचो. गळतच असायचं.

खरा ऋतू हिवाळा.
उजवी बाजू मार्गशीर्षातली,
फळीला फळी अशी की मध्ये केस जाणार नाही.
पण थंडी म्हणजे भरीत. आज या मळ्यात, उद्या त्या,
काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धूर अंगावर घेऊन
अकराला घरी यायचं,
आणि तेलकट बोटाला सरस धरत नाही.
तीन हिवाळे गेले त्या एका बाजूला.

यंदा आखाजीला कुमुद माहेरी आली.
तिची चार्वी सहा वर्षांची, सरळ माळ्यावर.
खाली अंगणात सरोदेसाहेबांचा कूलर,
टाकी काठोकाठ भरलेली, गळते का बघायला.
मी पंपात मान घालून बसलेलो.
मान वर केली तेव्हा गलबत पाण्यात होतं.

तरलं.
मी पान्यासकट उभा राहिलो.
मग ते हळूच डावीकडे कललं.
श्रावणातल्या फळ्या उन्हानं आक्रसलेल्या,
त्यांच्या फटीफटीतून
रेघ रेघ पाणी आत येत होतं.
"आजोबा, बुडतंय!"
काढू नकोस, म्हटलं, खालून हात लाव फक्त.
जेवढं फुगलं होतं तेवढं
फुगू दे त्याला परत.

ती हात लावून बसली. हात बदलत राहिली.
मंदानं आमरस तिथेच भरवला,
दोन घास पाण्यातही गेले.
चार वाजता रेघा दोनच उरल्या होत्या.

सरोदेसाहेबांचा फोन तीनदा वाजला.
चौथ्यांदा उचलला.
"पंप जळगावहून यायचाय," म्हटलं.
"आजची रात्र गच्चीवर झोपा."